आष्टीची लढाई आणि राजशेखर

राजशेखर शांतपणे गेला नाही.

गेल्या वर्षी स्टेटसवर बऱ्याच जणांनी तसं लिहिलं होतं. चांगल्या मनानं लिहिलं होतं. पण मी तिथं होतो. शेवटचे दिवस तो श्वासासाठी झगडत होता, आणि पूर्ण शुद्धीत होता.

आज वर्ष झालं. जसं झालं तसं लिहितोय.

राजशेखर दातांच्या कवळ्या बनवायचा. बाळीवेशीत त्याची छोटी लॅब होती. लॅबच्या वरच्या खोलीत एक मोठं टेबल, आणि रविवारी त्या टेबलावर आमचं युद्ध.

मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात त्याला. बोटाच्या पेराएवढे सैनिक, घोडे, तोफा. इतिहासातली खरी लढाई मांडायची, टेपनं मोजून सैन्य पुढं सरकवायचं, फासे टाकून निकाल लावायचा.

लोक हसायचे. चाळिशी उलटलेली माणसं आणि खेळणी. हसू देत.

खेळणारे तिघंच. राजशेखर, फ्लेक्स प्रिंटिंगवाला सलीम आणि मी.

सैनिक राजशेखरच ओतायचा, कवळीच्या मटेरियलमधून. भिंगाखाली धरून त्यांच्या मिशासुद्धा रंगवायचा.

नियमांचं पुस्तक परदेशी होतं. ते आम्हाला पुरेना. मग घरचे नियम आले. काळ्या रानात घोडा निम्माच पळणार. टेबलाखाली गेलेला फासा धरायचा नाही. धक्का लागून पडलेला सैनिक मेला असं समजायचं नाही. प्रत्येक नियमामागं एक भांडण होतं. घोड्याच्या नियमावरून तर सलीम महिनाभर बोलत नव्हता.

राजशेखरची आवडती लढाई आष्टीची. आपल्या मोहोळजवळची आष्टी. पेशवे पुढं निसटले, त्यांचा सेनापती थोडे घोडेस्वार घेऊन पिछाडीला थांबला आणि इंग्रजांच्या फौजेशी लढताना पडला.

राजशेखर नेहमी पिछाडी घ्यायचा. नेहमी हरायचा.

मग एकदा रंगवताना त्याच्या हातातून ब्रश पडला. उचलला, परत पडला.

पुण्याला नेलं, तपासण्या झाल्या. मोटर न्यूरॉन डिसीज. एकेक स्नायू सोडून जातो. बुद्धी मात्र शाबूत राहते. औषध नाही.

आधी लॅब बंद झाली. मग फासे टाकता येईनात. तेव्हा त्यानंच नवा नियम काढला.

"हात कुणाचाबी चालेल. हुकूम ज्याचा त्यानं द्यायचा."

त्याचे हात सुनंदावहिनी झाल्या. त्याची बायको. तोवर त्या वरच्या खोलीत फक्त चहा घेऊन यायच्या. आता त्याच्या खुर्चीला खुर्ची लावून बसायला लागल्या.

जीभ जड झाली होती तेव्हाची गोष्ट. आष्टीच मांडली होती. सलीमकडं इंग्रजांचे घोडेस्वार. पुढं मैदान मोकळं असताना त्यानं घोडे मागं घेतले.

राजशेखरनं त्याच्याकडं बघितलं.

"मुद्दाम हरूलालास का बे?"

"नाही बे राजू."

"मग घे की पुढं."

सलीमनं घोडे पुढं घेतले. डोळे पुसत पुसत त्यानं राजशेखरची सगळी पिछाडी कापून काढली. राजशेखर हसला. ते हसू आता नीट उमटतही नव्हतं.

नंतर वाचा गेली. उरले डोळे. वर बघितलं की हो, खाली बघितलं की नाही. अक्षरांचा एक तक्ता केला होता. वहिनी एकेका अक्षरावर बोट फिरवायच्या आणि तो हवं तिथं वर बघून थांबवायचा.

श्वास कमी पडायला लागला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, गळ्याला भोक पाडून मशीन लावता येईल. मग ते कायमचंच.

राजशेखरनं डोळ्यांनीच नको सांगितलं.

त्याचे मोठे भाऊ, बसवराजअण्णा, ऐकेनात. "ह्यो कोण नको म्हणणारा? माझा तम्मा हाय त्यो, धाकटा. डोळ्यांदेखत जाऊ देऊ का?" आणि वहिनींना म्हणाले, "तूच काहीतरी वाचून दाखवलीस त्या तक्त्यावर."

वहिनींनी मला आणि सलीमला बोलावलं. तक्ता माझ्या हातात दिला आणि स्वतः बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

मी बोट फिरवलं. बराच वेळ लागला.

अण्णा. नको.

अण्णा त्याच्यासमोर खाली बसले. "तुला भ्या वाटत न्हाई का रे?"

राजशेखरनं वर बघितलं. वाटतं.

"मग लावू या की मशीन."

खाली बघितलं.

अण्णांनी पुन्हा विचारलं. पुन्हा खाली.

मग त्यांनी त्याचा निर्जीव हात उचलून कपाळाला लावला. "आय्तु, तम्मा," म्हणाले. बरं म्हणाले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्याला बसवून पुरलं, त्याच्या घरच्या लिंगायत रीतीनं. तळहातावर इष्टलिंग ठेवून अण्णांनी त्याची बोटं एकेक करून मिटली.

वर्षभर टेबलाला कुणी हात लावला नाही. परवा वहिनींचा फोन आला. मला वाटलं, सैनिक घेऊन जा म्हणतील.

"भाऊजी, मला आष्टी खेळायचीय."

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही तर कितीदा खेळलाय."

"फासे टाकले, सैनिक हलवले. पण टेबलावर काय चाललंय ते कधी बघितलंच नाही. मी सारखी यांच्या डोळ्यांकडं बघत होते."

आज दुपारी मी आणि सलीम जातोय. वहिनी पिछाडी घेणार आहेत.

राजशेखर, मित्रा, तुला आम्हा सगळ्यांचा मनापासून निरोप.