मशीनवरची मिश्रीची डबी

नलू गेल्याचा फोन तिच्या नवऱ्यानं, सुधीरनं केला, तेव्हा आई माझ्या शेजारीच बसली होती. मी सांगितलं तशी ती पदर तोंडाला लावून रडली, आणि मग म्हणाली, "आता माझी मान कोण गं बघणार?" मी कोपरला इतकी वर्षं दवाखाना चालवते. घरात डॉक्टर असून आईला हा प्रश्न पडावा... मैत्रीण गेल्याच्या दुःखातही तो मला झोंबला.

मेडिकलला आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे ती ठाण्यात सोनोग्राफी करू लागली आणि नव्वद सालानंतर तिनं रक्ताचा प्रवाह दाखवणारं डॉपलर मशीन आणलं. मी पाठवलेले पेशंट परत येऊन तिचंच कौतुक मला ऐकवायचे. मी हसून ऐकायचे. जळायचे, दुसरं काय.

एका सकाळी आईच्या हातातून कपबशी पडली. उजवा हात थोडा वेळ लुळा, मग जसाच्या तसा. मी हादरले. मानेतल्या रक्तवाहिनीत चरबीचा थर साचला असेल, त्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा मारेल, हे तिला समजावलं. मिश्री सोड म्हणून तर मी कॉलेजात असल्यापासून मागे लागले होते. "हो गं, बघू," म्हणत ती मिश्री लावत राहिली.

तिला नलूकडे नेलं. मानेला लावायचं जेल गार लागू नये म्हणून नलू बाटली गरम पाण्यात ठेवायची. तिनं मशीनचा आवाज मोठा केला. उजवीकडे संथ ठोके ऐकू आले, डावीकडे शिट्टीसारखी फुसफुस.

"काकू, हे तुमचंच रक्त. वाट अरुंद झालीय, म्हणून असं धावतंय."

"मिश्रीनं?"

"मिश्रीनं, आणि बीपीनंही."

आईनं कमरेची डबी काढून नलूच्या हातात दिली. "तुझ्याकडंच ठेव." नलूनं ती मशीनवर ठेवली. मी तिथंच उभी होते. मी सांगून सांगून थकले होते, आणि हिनं नुसता आवाज ऐकवला...

मुंबईत ऑपरेशन होऊन आईची ती रक्तवाहिनी साफ झाली. त्यानंतर नलूकडे तपासायला जाताना आई दर वेळी तिच्यासाठी सुक्या बोंबलाची चटणी न्यायची. तुला हवी का, असं मला कधी विचारलं नाही.

परवा सुधीरला भेटायला गेले. त्यानं नलूची खोली उघडली. डबी मशीनवरच होती. त्याला विचारून मी ती उचलली. आई माझी, तेव्हा डबीही माझीच. घरी येऊन आईपुढे ठेवली आणि म्हटलं, "आता मी सांभाळते."

आईनं डबीला हात लावला नाही. "तू नको. तुझ्याकडं मी मागेन, आणि तू देशील."

नलूकडे तिनं कधीच मागितली नाही. तिच्यापाशी आईला हट्ट करता येत नव्हता, माझ्यापाशी येतो; एवढं एक माझ्या वाट्याचं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ठाण्याला गेले. मशीनवर सुधीरनं चादर घातली होती. ती बाजूला करून डबी जागेवर ठेवली. नलूचा हेवा मला अजून वाटतो... पण डबी तिच्याकडेच राहू दे.