वापरास अयोग्य

शहाद्याच्या एसटी स्टँडमागे तो संगणक दुरुस्त करतो. काढलेले स्क्रू ओठांत धरतो आणि तसाच बोलतो. चिडला की त्याचा आवाज चढत नाही, उतरतो. जुनी गिऱ्हाइकं तेवढ्यावरच उठून जातात.

आमच्या आश्रमशाळेला सहा संगणक देणगीत मिळाले होते. प्रोसेसर ऑफिसच्या संगणकाहून दुसऱ्या कंपनीचा, आपले प्रोग्राम त्यावर चालणार नाहीत, म्हणून ते कोठीत पडले. अख्खं वर्ष वर्गातल्या साऱ्या पोरी एकाच संगणकाभोवती उभ्या राहिल्या. तो ऑफिसच्या संगणकाचा पंखा बदलायला आला, कोठी पाहिली, आणि त्याचा आवाज उतरला.

"कोनी सांगं तुम्हले, ह्या चालाव नहीत म्हनीसन?"

उत्तराची वाट न पाहता त्याने ऑफिसच्या संगणकातली डिस्क काढून कोठीतल्या एकाला लावली.

"त्या दोन्ही कंपन्या कोर्टमा भांडन्यात, पन करार करीसन प्रोसेसरले देवाना एकमेकना हुकूम वापरतस. लहानीनी नवा हुकूम काढात, त्या मोठीनी बी उचलात. दोन्हीस्ले एकच भाषा समजस. आनि तुम्ही अठे कुलूप लाईसन बठनात."

पडद्यावर आमचा हजेरीचा प्रोग्राम उघडला. संगणकावर चिकटवलेला 'वापरास अयोग्य'चा कागद त्याने सोलला, खालची सही वाचली आणि माझ्यासमोर ठेवला.

"हाई तुम्हनी शे ना, सर?"

माझीच होती. सही करण्याआधी मी त्यातला एकही संगणक चालू करून पाहिला नव्हता.