मुझफ्फरची गाठ

देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत विचारा, मुझफ्फरसारखी जाळ्याची गाठ मारणारा मिळायचा नाही. सातवी नापास, पण हात असा की त्याने सांधलेलं जाळं दुसरीकडे कुठेही फाटेल, त्याच्या गाठीपाशी नाही. थोरला भाऊ अब्बास हे बंदरभर सांगत फिरायचा, आणि त्यात रतीभर खोटं नव्हतं.

पुढे फाटलं की फेकायची अशी स्वस्त जाळी आली. सांधायला कोणी येईना. मुझफ्फरच्या बायकोने, सकिनाने, त्याच्यासाठी रत्नागिरीला बर्फाच्या कारखान्यात शब्द टाकून ठेवला. मुझफ्फरला घर सोडायचं नव्हतं. तेवढ्यात मालवणातल्या स्कूबावाल्या कौस्तुभने त्याला दोरीचं ब्रेसलेट दाखवलं. बक्कलात शिट्टी, चकमक, नखाएवढं पातं. समुद्रात अडकलात तर उसवायचं, हातात तीन मीटर दोरी.

"पन्नास करून दी, मगे कायमचा काम," कौस्तुभ म्हणाला.

नमुन्यात दोरीचं टोक नुसतं आत खोचून वितळवलेलं. मुझफ्फरला ते बघवलं नाही. असल्या टोकावर कोण जीव टाकणार? त्याने दर चौथ्या वळशाला जाळ्याची गाठ मारली, दातांनी आवळली.

पन्नास घेऊन दोघे भाऊ गेले. कौस्तुभ एक उसवायला लागला.

"ओढ, ओढ," अब्बास म्हणाला. "बैल लाव व्हयो तर. माझ्या भावाची गाठ ती, सुटूची नाय."

ओढता ओढता कौस्तुभचं नख मोडलं. "अब्बासभाई, ही सुटाकच व्हयी. बुडणारो माणूस गाठी सोडीत बसतलो?"

"पात्यान कापूंदे."

"मगे हातात काय, तुकडे?"

अब्बासने ते ब्रेसलेट उचलून खिशात टाकलं.

कौस्तुभ भला, त्याने गाठीशिवाय विणून आणायला आठ दिवस दिले. मुझफ्फर अंगणात बसला. तीन वळसे सरळ पडायचे, चौथ्याला बोटं आपोआप फिरायची. चाळीस वर्षांचे हात ते. सकिना शेजारी बसून "आता नको हां, नको" म्हणायची, तोवर गाठ पडलेली असायची. आठव्या दिवशी एकही ब्रेसलेट उसवलं नाही. काम दुसऱ्याला गेलं.

"दुसरो कोण असतो तर शिकलो असतो, भाई," मुझफ्फर म्हणाला.

"दुसऱ्यांक असे हात खंय आसत?"

सोमवारच्या एसटीने मुझफ्फर रत्नागिरीला गेला. तिथे बर्फाच्या लाद्या ओढतो. बोटं बधिर होतात म्हणे.

अब्बास एक ब्रेसलेट मनगटाला बांधून बंदरावर बसतो. येणाऱ्याजाणाऱ्यापुढे हात करतो, "सोडून दाखव." अजून कोणाला सुटलेलं नाही.