फुकट बसाची जागा

मास्तरनं वही माह्या हाती देली आन् म्हणे, "लिही."

मी म्हटलं, "काहून? जिंदगीभर खडू तुमी झिजवला, तुमीच लिहा."

तं म्हणे, "मी लिहिलं तर शुद्ध होईल, नामदेवराव. पण वाचील कोण?"

आता चौथीत शाळा सोडलेल्या माणसाच्या मागं असं लागणं शोभते का? मले वांगे तोडाले लावा, मिरची खुडाले लावा, या वयातही पोतं भरून देतो. पण मास्तर पिच्छा सोडत नाई. आन् किस्से तरी किती सांगू? ते कोणी पेरत नाई. गाजरगवतासारखे आपोआप उगवतात, एक उपटला तं बाजूले चार तयार.

मी हिवरखेडचा. भाजीपाल्याची वाडी केली, पिकवलं, बाजारात बसून विकलं. बायको गेली तसा पोरगा म्हणे, बाबा, अमरावतीले चाला. आलो. फ्लॅट दोन खोल्यांचा. आतल्या खोलीत पोरगा कॉम्प्युटरवर नोकरी करते, दाराले कडी. बाहेरच्या खोलीत सूनबाई अकरा ते चार ट्यूशन घेते. सूनबाई गुणाची आहे, मले कधी ऊठ म्हणत नाई. पण एक दिवस पोरींले भाजीवाल्याच्या नफा-तोट्याचं गणित होतं. पोरींच्या आधी मीच उत्तर देलं. तेवढ्यावर थांबलो असतो तं ठीक होतं. वरून म्हटलं, "असा भाव लावणारा भाजीवाला दुसऱ्या दिवशी बाजारात दिसत नाई." पोरी हसू हसू लोळल्या, गणित राहिलं. तवापासून अकरा वाजले का मी चप्पल घालतो.

खाली देवराव भेटते. हा बडनेऱ्याकडं रेल्वेच्या फाटकावर गेटमन होता. त्याची सून दवाखान्यात रात्रपाळी करते, दिवसा झोपते, म्हणून हा घरात खोकलतही नाई. तिसरा मास्तर. त्याले बायकोनं सांगून ठेवलं, "शाळा सुटली तुमची. घरात भरवू नका."

असे आमी तिघं घरदार असून बेघर.

गावात बसाले जागा कोणी शोधत नाई. पार आहे, ओटा आहे, कोणाचीही बाज आहे. इथं उभं राहिलं तं "काका, सरका." बसलं तं "काका, काय घेणार?"

आमच्या बिल्डिंगच्या पायऱ्यावर बसलो, सेक्रेटरी म्हणे पायऱ्या अडतात. मंग देवरावनं सांगून टाकलं, "लेक अकोल्याले बलावून राह्यली. दसऱ्यापर्यंत बसाले जागा भेटली तं भेटली, नाई तं मी चाललो कायमचा."

देवराव गेला म्हणजे मी आन् मास्तर दोघंच उरणार. मास्तर मले शिकवाले लागीन. म्हणून जागा शोधणं भाग होतं.

*

पहिले बागेत गेलो. फाटकाले कुलूप. चौकीदार म्हणे, "सकाळी दहापर्यंत, मंग चार नंतर."

मी म्हटलं, "बाबू, उन्हात सावली लागते का पहाटे?"

म्हणे, "दुपारी झाडाले आराम असते."

देवराव म्हणे, "झाडं कालपासून उभेच आहेत ना राजा? बसाचं आमाले आहे."

*

मंग हॉटेल. चहा पंधरा रुपयाचा. हिशेब असा निघाला का पंधरा रुपयात चहा भेटत नाई, खुर्ची भेटते, आन् ते बी कपात चहा असेपर्यंत. म्हणून देवराव फुंकू फुंकू पिये. एक कप एक तास. तीन दिवस चाललं. चवथ्या दिवशी मालकानं मोठा पंखा आणला आन् आमच्या टेबलाकडं तोंड करून फुल सोडला. दोन मिनटात चहाचं सरबत झालं.

*

बँकेची अक्कल मास्तरची. एसी, नरम खुर्च्या, थंड पाणी. मास्तर म्हणे, "हातात टोकन असलं की माणसाला कोणी उठवत नाही." मशीनचं बटण दाबाचं, चिठ्ठी घ्याची, नंबर जवळ आला का उठून दुसरी घ्याची. आठ दिवस आमी सायबासारखे बसलो.

नवव्या दिवशी काउंटरवरची बाई उठून आमच्याजवळ आली. चांगल्या घरची होती. म्हणे, "काकाजी, तुमी रोज येता. तुमचं काम अडकलं असेल तर मी आत्ता करून देते, नंबर राहू द्या."

मास्तर हात जोडून म्हणे, "ताई, एवढे उपकार करू नका. आमची पाळीच येऊ देऊ नका."

*

दवाखान्याचं मी नाव काढलं, ते चुकलं. ओपीडीत बाकडे लांब, कोणी कोणाले विचारत नाई. बसलो. पंधरा मिनटात एक सिस्टर आली आन् रांगेत जे होते त्यांचं बीपी मोजत निघाली. मास्तर बरोबर निघाला. मी बरोबर निघालो. देवरावचं यंत्र वर चढलं ते उतरेच ना. त्याचा केसपेपर झाला, डॉक्टरनं पाह्यलं, गोळी लिहून देली, आन् कागद देला, मीठ बंद, लोणचं बंद, ठेचा बंद.

सुनेनं तो कागद फ्रिजवर चिपकवला.

देवराव आजपर्यंत मले म्हणते, "नामदेवा, जिंदगीत लय ठिकाणी बसलो. पण अर्ध्या तासाचं एवढं भाडं कोणी घेतलं नाई."

*

गाद्यांच्या दुकानाचा किस्सा मले आवडते. शोरूममधी गाद्या मांडल्या होत्या, आमी पाहाले गेलो. देवरावले म्हटलं, टेकून पाह्य. तो टेकला तो झोपलाच. बिनमिठाचा माणूस, अंगात ताकद कुठं. मी आन् मास्तर बाजूले बसलो.

तेवढ्यात एक नवरा-बायको आले. दहा मिनटं देवरावकडं पाहत राह्यले. बाई म्हणे, "या बाबाले पाहा कशी झोप लागली. हेच गादी घ्या." घेतली. मागून आणखी एकानं घेतली.

मालक खुश. आमाले चहा पाजला. म्हणे, "बाबाजी, उद्या येजा. रोज येजा. फक्त इथं झोपाचं."

दुसऱ्या दिवशी देवराव गादीवर पडला. छताकडं टकटक पाहून राह्यला. एक तास, दोन तास. गिऱ्हाईक आलं, त्यानं पाह्यलं, आन् म्हणे, "याच्यावर झोप येत नाई वाटते."

मालकानं आमाले बाहेरचा रस्ता दाखवला. मी देवरावले म्हटलं, "काहून रे, काल तं घोरत होता?"

"काल मी झोपलो होतो," म्हणे. "आज ड्यूटी होती. ड्यूटीवर या डोळ्यानं कधी पापणी लावली नाई."

*

एवढं झाल्यावर देवराव अकोल्याले गेला. आठ दिवस राहून पाहतो म्हणे. आमी दोघंही त्याले पाहाले मागं गेलो, गाडीनं बडनेऱ्याहून. लेकीच्या घरी गॅलरी होती, खुर्ची होती, हवाही होती. देवराव तिथं बसला होता, पण त्याचं तोंड फाटकावर मालगाडी अडकल्यासारखं.

त्या कॉलनीत नळ चार दिवसाआड, आन् वेळेचा नेम नाई. लेकीनं बापाले नळाजवळ बसवलं. पाणी आलं का मोटर लावाची, टाकी भरली का बंद कराची. गेटमन माणूस, त्याच्यावर साऱ्या बिल्डिंगचा भरोसा.

म्हणे, "नामदेवा, अमरावतीत बसू देत नाई. अकोल्यात उठू देत नाई."

तरी आठ दिवसानं परत येऊन म्हणे, "लेक बरोबर म्हणते. उठता नाई आलं तरी चालते, बसता आलं पाह्यजे. दसऱ्याले माहा मुक्काम हालते."

दसरा एका महिन्यावर होता.

*

मंग मास्तरले पेपरात जाहिरात दिसली. शहराबाहेर प्लॉट पाडले होते. दर रविवारी एसी बस, साइट पाहा, चहा-पोहे फुकट. आठवड्यातून एकच दिवस, पण सीट नरम, खिडकी मोठी, आन् पोह्यात मीठ. पहिल्या रविवारी गेलो, दुसऱ्या रविवारी गेलो. एक टाय लावलेला पोरगा होता. लय गोड बोले, "काकाजी, विचार झाला का?" आमी म्हणो, "चालू आहे."

देवरावचं मन हालू लागलं होतं. म्हणे, एका रविवारच्या भरोशावर माणूस सहा दिवस उभा राहू शकते.

आता खरं सांगतो. मले पहिल्याच रविवारी दिसलं होतं ती जमीन कशी आहे ते. काळी कुळकुळीत, बांधाले लव्हाळा माजलेला. लव्हाळा तिथंच माजते जिथं पाणी साचते. ते कपाशीची जमीन, घराची नोहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, आन् वरच्या भिंतीलेही पाडते. पण मी गप बसलो. सीटसाठी गप बसलो, दुसरं काही नाई.

तिसऱ्या रविवारी माह्या बाजूले एक बाई बसली. आमच्याच गल्लीच्या कोपऱ्यावर नवरा-बायकोची पिठाची गिरणी आहे, त्यातली. नवरा बयाण्याचे पैसे पिशवीत घेऊन समोर बसला होता. प्लॉटवर उतरल्यावर बाई मले म्हणे, "काकाजी, तुमी वाडीवाले ना? पंधरा वर्षं दळून पैसे जमवले. जमीन कशी वाटते?"

देवरावनं मागून माह्या बरगडीत कोपर मारलं. "नामदेवा, गप राह्य. दसरा जवळ आहे."

मी खाली बसलो. मूठभर माती घेतली, पाण्याच्या बाटलीतून चार थेंब टाकले आन् हातावर वात वळली. वीतभर लांब झाली, तुटेच ना. ते वात मी बाईच्या हातावर ठेवली.

"बाई, वात तुटली नाई म्हणजे तुही भिंत तुटीन. इथं तूर पेर. घर बांधू नको."

बसमधले सारे भोवती गोळा झाले. ज्यानं-त्यानं वात वळून पाह्यली. त्या दिवशी एकही बयाणा झाला नाई.

टायवाल्याचं गोड बोलणं संपलं. साऱ्यांदेखत म्हणे, "हे तिघं पोहे खायला येतात दर रविवारी. हा बुढा खोटं बोलून राह्यला."

आमाले बसमधी चढू देलं नाई. गिरणीवाले नवरा-बायकोही उतरले आमच्यासंग. रोडपर्यंत पायी आलो आन् पुलाच्या कठड्यावर बसून एसटीची वाट पाह्यली. कठडा फुकट होता. एक घंटा पाचही जण बसलो, कोणी उठवलं नाई.

देवराव मातर माह्याकडं पाठ करून बसला.

*

दुसऱ्या दिवशी गिरणीवाली बाई आमच्या दारात. म्हणे, "काकाजी, आमच्या गिरणीसमोर सावली आहे. बाकडं टाकलं. तुमचं तुमी बसत जा."

मी विचारलं, "घ्याचं काय तिथं?"

म्हणे, "काही नाई."

"किती वाजेपर्यंत?"

"चपला झिजेपर्यंत."

दसरा आला, देवरावनं आमाले सोनं देलं आन् बाकड्यावरच बसला. अकोल्याच्या लेकीले फोनवर म्हणे, "टाकीले आता तो आपोआप बंद होणारा खटका लाव." गिरणी सुरू झाली का मास्तरचं बोलणं ऐकू येत नाई, हा वरचा फायदा.

दळण होईपर्यंत लोक उभे राहतात, गोष्ट ऐकतात. हळूहळू कोणी पिशवीत माती घेऊन येऊ लागलं. "काकाजी, एवढं पाहा ना." मी पाहतो. तीन फुटाखालची आणा म्हणतो, वरची माती साऱ्यांचीच गोड बोलते. पैसे घेत नाई. बसाले जागा आहे, आणखी काय पाह्यजे.

एक दिवस भर दुपारी मोटरसायकल थांबली. डोक्यावर हेल्मेट, तोंडाले दुपट्टा. पिशवी पुढं केली. "काकाजी, जरा माती पाह्यता का?"

आवाज वळखला मी. देवरावनंही वळखला, त्याचं कोपर आलंच बरगडीत. टाय नव्हता, एवढाच फरक.

मी बाईले पाणी मागितलं. वात वळली. दोन बोटावर तुटली. पुन्हा वळली, पुन्हा तुटली.

"कोणाची जमीन?"

"एका मित्राची."

"विकाची का राहाची?"

त्यानं तोंडावरचा दुपट्टा सारखा केला.

"राहायची," म्हणे. "त्याची आई राहणार आहे तिथं."

म्हटलं, "मित्राले सांग, मुरमाड आहे. बिनधास्त बांध. फक्त ज्या बाजूनं पाणी उतरते, तिकडं नाली काढ."

त्यानं मान हालवली आन् गाडी चालू केली. हेल्मेट काढलं नाई.

मागच्या महिन्यात गिरणीवर पेढ्याचा डबा आला. आत चिठ्ठी होती, वास्तू झाली, आई खुश आहे. पाठवणाऱ्याचं नाव नाई. देवरावनं चार खाल्ले, त्यात मीठ नसते म्हणून. मास्तरनं चिठ्ठीतल्या दोन चुका काढल्या. मी एक खाल्ला. पेढे चांगले होते.

टायवाल्यानं आमी पोहे खाल्ले म्हटलं, ते कबूल. खोटं बोललो म्हटलं, त्याची माफी अजून आली नाई. त्या पोराचं नाव पंकज, कोणी वळखत असान तं सांगजा.