अवचितगडाखालची पोपटी

पेणहून सुटलेल्या एसटीत बाबांच्या मांडीवर मडकं होतं. कोरं, लालभडक, आदल्या दिवशी पेणच्या बाजारात बोटाने वाजवून वाजवून निवडलेलं. नागोठण्याला गाडीत गर्दी झाली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "काका, मडक्याचं तिकीट काढलंत काय?" सगळे हसले, बाबा हसले नाहीत. पुढच्या सीटवर माझे सर बसले होते आणि त्यांच्यासमोर बाबांना हसायचाही संकोच वाटत होता.

सर म्हणजे माझे कॉलेजातले भूगोलाचे प्राध्यापक. आमच्या घरात माझ्याआधी दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षाला नातेवाईक म्हणू लागले, पुरे झालं, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये काम मिळतंय तर लागू दे तिला. त्या वर्षी सरांनी मला स्वतःची पुस्तकं दिली, शिष्यवृत्तीचा अर्ज शेजारी बसून भरून घेतला. आज मी शाळेत शिकवते ती त्या वर्षामुळे. बाबा डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर काम करतात. कॉलेजच्या फाटकापर्यंत ते दोन-तीनदा आले होते, आत कधी आले नाहीत. सर निवृत्त होऊन मुलीकडे नाशिकला कायमचे निघालेत हे कळलं, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "गुरुजींना एकदा माझ्या हातचं खाऊ घालायचंय. आता नाय तर कधीच नाय."

बाबांच्या हातचं म्हणजे पोपटी. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे शेताशेतात ती लागते. मडक्यात बांधावर उगवणाऱ्या भांबुर्ड्याचा उग्र वासाचा पाला, त्यावर जाडं मीठ आणि ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, कोंबडीचे तुकडे. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. आत पाण्याचा किंवा तेलाचा थेंब नाही. गावात कोणाचीही पोपटी असो, लावायला बाबांना बोलावतात. "गुरुजींना कोंबडी चालते काय?" हे विचारायला त्यांनी मला दोनदा फोन करायला लावला होता.

सरांनी कुंडलिका नदी फळ्यावर कित्येक वर्षं काढली, पण रोह्याजवळच्या अवचितगडावरून ती कशी दिसते ते कधी पाहिलं नव्हतं. माझी आत्या गडाच्या पायथ्याच्या गावात राहते. म्हणून बेत ठरला: सकाळी गड, दुपारी आत्याच्या शेतात पोपटी आणि चारच्या गाडीने परत, कारण सरांचं सामान न्यायला संध्याकाळी टेम्पो येणार होता.

रोह्यात उतरून आम्ही आधी नदीवर गेलो. वरच्या धरणाचं पाणी सुटतं म्हणून कुंडलिका थंडीतही भरलेली असते. पुलावरून पलीकडच्या अष्टमी गावाकडे शाळेच्या सायकली चालल्या होत्या. सर पुलाच्या मध्यावर थांबून पाण्याकडे बघत राहिले. आत्या शेतावर गेली होती, म्हणून मडकं तिच्या ओटीवर ठेवून गड चढलो. रानातली वाट, सावली दाट. वर बारा कोनांचं टाकं पाहिलं, तटापाशी आलो आणि सगळी नदी एकदम समोर आली. रोह्याची कौलं, पूल, अष्टमी, मग वळत वळत खाडीकडे गेलेलं पाणी.

"मी हे वळण आयुष्यभर चुकीचं काढलं," सर म्हणाले.

"नदीला काय समजतंय, गुरुजी," बाबा हळूच म्हणाले. दिवसभरातलं ते त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य.

खाली आल्यावर बाबांनी मडकं भरलं. आत्याने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "दादा, पोपटीला नवा मडका? येडा झालास काय?"

"गुरुजींना काय काळ्या मडक्यातला घालू?" बाबा म्हणाले.

आमच्याकडे पोपटीला जुनं, वापरून काळं झालेलं मडकंच घेतात. ते आगीला सरावलेलं असतं. हे बाबांपेक्षा जास्त कोणाला ठाऊक? पण पाहुण्याचा मान मोठा, म्हणून त्यांनी कोरं आणलं होतं. जाळ नीट धरला आणि पाचच मिनिटांत आतून टण्‌ आवाज आला. बाबांनी काठीने निखारे सारले. मडक्याला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. वरच्या शेंगा करपल्या होत्या, खालच्या कच्च्याच.

मी घड्याळ पाहिलं. अडीच वाजून गेले होते. मी सरांना म्हटलं, "सर, आपण रोह्यात जाऊन जेवू या. तिथे चांगली खानावळ आहे."

"थांब गो," बाबा म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण मी थांबले.

आत्या गोठ्यामागून तिचं काजळलेलं मडकं घेऊन आली. "धर. आता तरी ऐक लहान बहिणीचा." बाबांनी करपलेलं बाजूला काढलं, बाकीचं नव्या पाल्यात भरलं, जाळ पुन्हा रचला. सर विटेवर बसून सगळं पाहत होते. अर्ध्या तासाने त्यांनी विचारलं, "झालं हे कसं कळतं?"

"पाणी शिंपडायचा. थेंब चटकन उडाला तर झाली."

सर उठले आणि तांब्यातलं पाणी त्यांनी बोटांनी मडक्यावर शिंपडलं. चर्र झालं. "झाली!" ते आनंदाने म्हणाले.

बाबांनी मान हलवली. "नाय गुरुजी. थेंब घरंगळून गेला. कच्ची हाय. बसा खाली."

सर मुकाट्याने खाली बसले. सकाळपासून ज्या माणसासमोर बाबांना हसता येत नव्हतं, त्याला ते सांगत होते की तुमचं चुकलं. माझ्या हातात पदवी आली त्या दिवशीही माझी मान इतकी ताठ झाली नव्हती.

सरांनी टेम्पोवाल्याला फोन करून उद्या यायला सांगितलं. पुढच्या वेळी थेंब पडताक्षणी उडाला. केळीच्या पानावर मडकं रिकामं केलं तेव्हा ओव्याचा आणि पाल्याचा वास शेतभर पसरला. बाबांनी पहिली शेंग सोलून सरांच्या हातावर दाणे ठेवले. सर बोटं भाजत खात राहिले. बाबांनी आभाराची दोन वाक्यं घरी पाठ केली होती, मी ऐकली होती. ती त्यांनी म्हटली नाहीत. फक्त पान रिकामं झालं की पुन्हा वाढत होते.

शेवटी सर म्हणाले, "थोड्या शेंगा बांधून द्याल का? मुलीला नेतो."

"नाय," बाबा म्हणाले. "गार पोपटी खायची नसते. पुढच्या थंडीत तिलाच घेऊन या. मी लावून देतो."