नेटवरचं सगळ्यांचंच असतंय

अनगोळच्या रविराजला मी कलाकार म्हणणार नाही. त्याच्या दुकानाच्या पाटीवर तसं लिहिलंय, तो स्वतःही तसं सांगतो, आणि आमच्या वाचनालयाच्या कमिटीनंही त्याला तसंच मानलं. त्या कमिटीचा सेक्रेटरी मी. म्हणजे पहिला गाढव मीच.

शाळा संपल्यावर रविराज उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत लागला होता. तिथं तीन महिने टिकला. हात काळे होतात म्हणून सोडून आला आणि कॉम्प्युटर घेऊन फ्लेक्स डिझाइनच्या धंद्यात पडला. त्याचं डिझाइन म्हणजे काय, ते मी त्याच्या शेजारी बसून पाहिलंय. नेटवर चित्र शोधायचं, उजवं बटण दाबायचं, सेव्ह करायचं. पुढं ते छापखान्यात चालेल अशा फाइलीत बदलायचं, एवढीच त्याची साधना. सुरुवातीला तेही येत नव्हतं. फाइलीच्या नावाचं शेपूट खोडून त्या जागी 'जेपीजी' लिहिलं की चित्र बदलतं, अशी त्याची समजूत. छापखान्याचे मारुतीराव फोनवर ओरडायचे, "अरे, बैलाला घोडा म्हटलं म्हणून तो टांग्याला चालतोय व्हय? फाइल उघडंना झाल्या!" मग कुणीतरी त्याला फुकटात फाइल बदलून देणारी वेबसाइट दाखवली. त्या दिवसापासून हा गल्लीत छाती काढून चालू लागला.

एकदा त्यानं श्रद्धांजलीचा फ्लेक्स केला. नेटवरून फुलांचा हार उतरवला. मागं पांढरे-करडे चौकोन होते, ते छापताना आपोआप जातात असं त्याला वाटलं. गेले नाहीत. बिचारे गेलेले गृहस्थ तेरा दिवस चौकात बुद्धिबळाच्या पटावर बसून होते. घरच्यांनी विचारलं तर म्हणाला, "मॉडर्न हाय ते."

अशा माणसाला आम्ही वाचनालयाच्या रौप्यमहोत्सवाचा मोठा फलक दिला. आमचं गाव कडोलीच्या वाटेवर. गावात रताळी मोप, म्हणून व्यासपीठामागं रताळी काढणाऱ्या बायकांचं चित्र असावं असं ठरलं. रविराज म्हणाला, "आठ दिवस द्या. जीव ओतून करतो."

फलक लागला तेव्हा मलाही आवडला, खोटं कशाला बोलू. बारा फूट रुंद. उकरलेली तांबडी माती, वेलांचा ढीग, पुढं एक म्हातारी बाई वाकून रताळी उचलताना वर बघून हसतेय. खाली कोपऱ्यात ठसठशीत अक्षरं : 'कलाकृती - रविराज'. पाहुण्यांनी भाषणात त्याचं कौतुक केलं, शाल दिली. त्यानं छातीवर हात ठेवून मान लववली, जणू पाच वर्षं त्या शेतात बसून चित्र काढलं होतं.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतनं यशोदाबाई उठल्या. सत्तरीच्या, वरच्या गल्लीतल्या. सरळ व्यासपीठापर्यंत आल्या आणि फलकाकडं बघत राहिल्या.

"ही म्याच की," त्या म्हणाल्या.

लोक हसले. पाहुणेही हसले. यशोदाबाई हसल्या नाहीत.

"तू कवा आलतास रं आमच्या शेतात?"

रविराज म्हणाला, "आज्जी, हे कल्पनेतनं केलंय."

"कल्पनेतनं? ह्यो फोटो शाल्मलीनं काडलाय. अनगोळच्या मास्तरांची पोरगी. आठ दिस शेतात यायची, चिखलात बसायची. च्या करून दिलता मी तिला. माझ्या घरात भिंतीवर हाय ह्योच फोटो, खाली तिची सही बी हाय." मग त्या आणखी वाकल्या. "आणि माझ्या पायाची दोन बोटं कुठं गेली रं?"

सगळे फलकाजवळ गेले. खरंच. मूळ फोटोत शाल्मलीची सही पायाजवळ होती. ती पुसायला ह्या पठ्ठ्यानं बाजूची माती उचलून वर थापली होती आणि मातीखाली दोन बोटंही गेली होती.

रविराजचा चेहरा उतरला, तोंड मात्र चालूच. "नेटवर होतं ते. नेटवरचं सगळ्यांचंच असतंय."

"रस्त्याकडंला म्हस बांदल्याली दिसली, म्हणून धार काडून घरला नेशील व्हय?" यशोदाबाई म्हणाल्या. "तुझं नाव काड तिथनं."

अध्यक्ष माझ्या कानाशी लागले, "जेवणं होऊ देत, मग बघू." आमची ही कमिटी. मी पुढं झालो आणि त्या अक्षरांवर कागद चिकटवला. पंचवीस वर्षांत मी केलेलं शहाणपणाचं काम तेवढंच.

रविवारी शाल्मली आली. तिला खूप राग आला असावा, पण चढ्या आवाजात बोलली नाही. फोटोखाली तिचं नाव हवं आणि यशोदाबाईंचंही हवं, एवढंच तिनं सांगितलं. मारुतीरावांनी तिच्या मूळ फोटोवरून नवा फलक छापला. तो आता वाचनालयात आहे. यशोदाबाई पूर्वी कधी वाचनालयात आल्या नव्हत्या. आता गुरुवारच्या बाजाराहून येताना आत डोकावतात, सोबतच्या बायकांना दाखवतात.

रविराजनं माफी मागितली नाही. शालही परत केली नाही. आता तो चित्र उतरवलं की आरशातल्यासारखं उलटं करतो, म्हणजे कुणी ओळखू नये. गिऱ्हाइकं कमी झालेली नाहीत, कारण गिऱ्हाइकंही त्याच्याच लायकीची. गेल्या महिन्यात त्यानं दुकानाच्या माडीवर चित्रकलेचा वर्ग काढला. उद्घाटनाला आमचे अध्यक्ष गेले होते, नारळ फोडून आले.