बिनखिशाचा कोट

तिला सगळे शिंपीणआक्का म्हणत. गल्लीच्या तोंडाशी दुकान, दुकानात आजोबांचं मशीन आणि डोक्यात एका बड्या घराण्यातल्या सगळ्या पोटांची मापं. त्या घरात किताब बापाकडून थोरल्या मुलाकडे जायचा आणि किताबाबरोबर एक निळा लोकरी कोट. किताब कायद्यानं केव्हाच गेला, कोट राहिला. तो आक्काच्या आजोबांनी शिवलेला, शिवणीत चार बोटं कापड दडवून. त्या घरच्या कर्त्याला सरकार म्हणत; सरकारांचं पोट सुटलं की शिवणही बोटभर सोडायची. उसवायचं, पण कात्री लावायची नाही, आणि दुसऱ्या शिंप्याकडे कोट जायचा नाही. तिकडची गादी जशी वारसानं चालायची, तशी इकडचीही.

यंदा धाकटे सरकार, म्हणजे थोरल्या सरकारांचे वारस, मंत्री झाले. मामा सत्तेत, सासरे सत्तेत, हे मागे राहतील कसे? शपथ शनिवारी, आणि ती या कोटातच घ्यायची. गुरुवारी सकाळी ते आईसाहेबांना घेऊन दुकानात आले, कोट चढवला, तर गुंडी काजापासून चार बोटं लांब.

"श्वास सोडा," आक्का म्हणाली.

"सोडलाय."

"मग धरा."

धरूनही भागलं नाही.

"उद्या सकाळपर्यंत झालं तर ठीक," सरकार म्हणाले, "नाहीतर मी बाजारातून नवा घेतो. मग हा ठेवू कपाटात."

म्हणजे तीन पिढ्यांचं काम कपाटात. आक्कानं मान डोलावली आणि ते गेल्यावर शिवण उसवली. आत काही नव्हतं. शेवटचं बोट तिच्या वडिलांनी थोरल्या सरकारांना देऊन टाकलेलं.

नवरा शेजारी बसून काजं करत होता. "आता सरकारांनाच उसवावं लागेल," तो म्हणाला.

"तोंड आवरा. सुईत दोरा घाला."

बोलता बोलता तिचा हात कोटाच्या खिशात गेला, तो कोपरापर्यंत. पहिल्या सरकारांना लोकांचे अर्ज कोंबायला मोठे खिसे लागत, आणि आजोबांनी आतल्या पिशव्याही त्याच निळ्या कापडाच्या केलेल्या. आक्का बराच वेळ कात्रीकडे बघत बसली. मग नवऱ्याकडं पाठ करून तिनं ती चालवली. पट्ट्या बगलेखालून घातल्या. तिथं हात झाकतो, रंगातला फरक दिसत नाही. खिशांची झाकणं वरून टाचून टाकली.

शुक्रवारी गुंडी लागली. सरकार आरशापुढं ताठ झाले, हात खिशाकडे गेला आणि घसरला.

"खिसा कुठाय?"

"पोटाला लागला."

आईसाहेब खुर्चीत हसून हसून वाकल्या. "या घरानं किताब बघितले, खुर्च्या बघितल्या. बिनखिशाचा मंत्री मात्र पहिलाच हो. कोट हाच जाईल, आक्का."

सरकारही हसले, जपून, शिवणीला ताण न देता.

दोन बोटं कापड उरलं होतं. ते तिनं नव्या शिवणीत दुमडून ठेवलं, पुढच्या वारसासाठी. सरकारांना मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर त्यांनी ते सहा महिन्यांत संपवलं असतं.